वाचकांचे प्रश्न : चक्कर, कानाचे दडे आणि अँटिव्हायरल गोळ्या

या महिन्यात कानाची पत्रं खूप आली आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी फिरून फिरून एकच विचारलंय, की चक्कर येते, ऐकू कमी येतं, तर ॲसायक्लोव्हिर नाहीतर व्हॅलासायक्लोव्हिर ही व्हायरसवरची (अँटिव्हायरल) गोळी घेतली तर चालेल का. म्हणून टॉन्सिल आणि नाकाच्या हाडाचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत आणि ही सगळी पत्रं एकत्र घेतलीत. पत्रं मोठी होती, थोडी कापावी लागली. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (निपाणी) : मॅडम, नमस्कार. आमच्या ह्यांना (वय 54) गेली काही वर्षं चक्करेचा त्रास आहे. आधी डाव्या कानाला दडा बसतो, मग कानात गुंईऽऽ असा आवाज चालू होतो आणि थोड्या वेळात सगळं घर गरगर फिरायला लागतं, उलट्या होतात, दोन-तीन तास भिंतीकडं तोंड करून पडून राहतात. डाव्या कानानं ऐकू पण कमी यायला लागलंय. कोल्हापूरला दाखवलं, त्यांनी मेनियर सांगितलं, गोळ्या चालू आहेत. आता माझा भाचा पुण्याला असतो तो म्हणतोय की मावशी हा रोग व्हायरसचा असतोय, ॲसायक्लोव्हिर घेऊन लोक बरे झालेत, त्याच्या ऑफिसातल्या एकाचा सगळा त्रास गेला. इथला मेडिकलवाला ओळखीचा आहे, चिठ्ठीशिवाय देतो म्हणतोय. ह्यांना शुगर आहे, बीपीची गोळी पण आहे. सुरू करू का? अगदी मेटाकुटीला आलोय हो.

उत्तर : ताई, तुमचा जीव कसा टांगणीला लागला असेल ते कळतंय, मेनियरची चक्कर बघणाऱ्यालासुद्धा घाबरवते. आधी थेट उत्तर देते, मेडिकलवाल्याकडून त्या गोळ्या आणू नका. का ते आता सविस्तर सांगते, कारण तुमचा भाचा काही हवेतलं बोलत नाहीये, त्याच्या बोलण्यामागं खरंच एक विचार आहे आणि तो मोठ्या डॉक्टरांनी मांडलेला आहे.

चक्कर डोक्यातून नाही तर आतल्या कानातूनही येऊ शकते हे प्रॉस्पेर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरांनी 1861 मध्ये पॅरिसला मांडलं, त्यांचंच नाव या आजाराला आहे. आतल्या कानात एक पातळ द्रव असतो, या आजारात तो वाढून आतल्या नाजूक पडद्यांवर दाब येतो, हे 1938 मध्ये कळलं. पण द्रव वाढतो का, याचं नेमकं उत्तर आजही नाही. कुणी ॲलर्जी म्हणतं, कुणी घराण्यातून आलेलं म्हणतं, आणि कुणी व्हायरस म्हणतं. ओठावर ताप उठतो ना, तो ज्या हर्पिस व्हायरसमुळं उठतो तो एकदा अंगात आला की जात नाही, नसेच्या गाठीत विंचू दगडाखाली बसावा तसा गप्प बसून राहतो आणि अंगातली ताकद कमी झाली की बाहेर येतो. तोलाच्या नसेच्या गाठीतसुद्धा हा व्हायरस सापडलाय. अमेरिकेतले कानाचे सर्जन रिचर्ड गॅसेक यांनी मृत माणसांच्या कानाची हाडं तपासून असं मांडलं की हाच व्हायरस मधूनमधून जागा होतो आणि चक्करेचे झटके देतो. त्यांनी पेशंटांना ॲसायक्लोव्हिर दिलं आणि बहुतेकांची चक्कर गेली असं लिहिलं. भाच्याच्या कानावर जे आलंय त्याचं मूळ हे आहे.

आता अडचण कुठं आहे बघा. त्या पेशंटांच्या बरोबरीनं साधी साखरेची गोळी घेणारा दुसरा गट नव्हता. आणि मेनियर हा असा आजार आहे की तो आपला आपणच येतो आणि जातो, महिनाभर रोज झटके आणि मग सहा-आठ महिने काहीच नाही, हे मी रोज बघते. माणूस औषध कधी घेतो? त्रास अगदी टोकाला गेल्यावर. तिथून पुढं तो बहुतेक वेळा उतरणारच असतो, मग त्या आठवड्यात जे काही घेतलं असेल त्याला श्रेय जातं, गोळी असो, काढा असो नाहीतर नवस असो. भाच्याच्या ऑफिसातला माणूस खोटं बोलत नाही, त्याला खरंच बरं वाटलंय, फक्त ते गोळीमुळं का हे त्या एकट्यावरून कळायचा मार्ग नाही.

म्हणून मग तुलना करून बघितलं गेलं. 2004 मध्ये अमेरिकेत फॅमसायक्लोव्हिर हे याच जातीचं औषध मेनियरच्या पेशंटांना देऊन बघितलं, अर्ध्यांना खरं औषध अर्ध्यांना खोटी गोळी, कुणाला काय ते डॉक्टरलाही माहीत नाही. अभ्यास छोटा होता, 23 जणांचा. ऐकू येण्यातला चढउतार थोडा कमी झाला असं वाटलं पण चक्करेवर जवळजवळ काहीच फरक नाही. नंतर 2008 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ज्यांची चक्करेची नस कापायचं ऑपरेशन ठरलं होतं अशा बेजार पेशंटांच्या कानात थेट गॅन्सायक्लोव्हिर सोडून बघितलं. औषधवाल्यांतले पुष्कळ सुधारले, ऑपरेशन टळलं. आणि नुसतं पाणी सोडलेलेही तितकेच सुधारले! मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो, कारण इतक्या टोकाला गेलेले पेशंटसुद्धा औषधाशिवाय उतारावर येतात हे त्यात डोळ्यांनी दिसतं.

हेच माप मी चालू गोळीलाही लावते. बीटाहिस्टिन ही गोळी आपल्याकडं चक्करेला सर्रास देतात, जर्मनीत 221 पेशंटांवर तिचा अभ्यास झाला आणि तो 2016 मध्ये छापून आला, कमी डोस, मोठा डोस आणि खोटी गोळी, तिन्ही गटांतले झटके सारखेच कमी झाले. ती गोळी तशी निरुपद्रवी आहे, बरं वाटत असेल तर घेऊ देत, पण वर्षानुवर्षं खर्च करत राहायचं का हे तुमच्या डॉक्टरांशी बोला.

ॲसायक्लोव्हिरचं तसं निरुपद्रवी नाही. ती लघवीवाटे बाहेर पडते, पाणी कमी प्यालं तर तिचे बारीक खडे किडनीच्या नळ्यांत अडकतात. ह्यांना शुगर आणि बीपी दोन्ही आहे म्हणजे किडनी आधीच थोडी थकलेली असू शकते, वर सांधेदुखीला कुठली पेनकिलर चालू असेल तर आणखी भार. किडनी कमजोर असलेल्या वयस्कर माणसाला हेच औषध पूर्ण डोसमध्ये गेलं तर तो भ्रमिष्टासारखा बडबडायला लागतो, घरच्यांना वाटतं मेंदूचा झटका आला. क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ताची तपासणी) बघून डोस ठरवायचा असतो, ते काउंटरवर ठरत नाही.

मग करायचं काय, हे तुम्ही विचाराल. कान वाचवायचा तर दर काही महिन्यांनी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणीचा आलेख, काढून जपून ठेवा, मेनियरमध्ये आधी जाड, खालच्या पट्टीतले आवाज जातात आणि रिपोर्टवर ते दिसतं. मीठ कमी करा, त्याचाही पुरावा फार भक्कम आहे असं नाही पण ह्यांना बीपी आहे तेव्हा फायदाच आहे, दिवसाचं सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, त्यात लोणचं, पापड, शेंगाचटणी, फरसाण, सगळं आलं. झटके थांबतच नसतील तर कानाच्या पडद्यातून आत स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं, तेही पुरलं नाही तर जेंटामायसिनचं, पण त्यानं ऐकू यायचं कमी होऊ शकतं म्हणून ते विचार करूनच. झटका आला की एका कुशीवर पडून एका जागी नजर लावायची, उलटीची गोळी त्या दिवसापुरती, रोज नाही. आणि दडा बसायला लागला की गाडी चालवायची नाही, शिडीवर चढायचं नाही, विहिरीवर जायचं नाही. यावर ह्यांनी कितीही चिडचिड केली तरी ऐकू नका.

प्रश्न (जांबोटी, ता. खानापूर) : डॉक्टरबाई, आमच्या अक्काचा (मोठी बहीण, वय 61) उजवा कान आधी नुसता ठणकत होता. दोन दिवसांनी कानाच्या पाळीत आणि आत पाण्याचे फोड उठले, सगळे म्हणाले नागीण आहे, म्हणून एका जाणत्याकडं नेलं, त्यांनी गेरू लावून मंत्र टाकला, तीन वेळा यायला सांगितलं. सहाव्या दिवशी सकाळी तोंड वाकडं झालं, डोळा मिटेना, चहा तोंडातून गळायला लागला आणि उठून बसलं की चक्कर. लकवा समजून बेळगावला पळवलं तर तिथं ॲसायक्लोव्हिर आणि स्टिरॉइड चालू केलं. आता महिना झाला, तोंड अर्धंमुर्धं सुधारलंय पण त्या कानानं नीट ऐकू येत नाही. आधी आलो असतो तर टळलं असतं का? घरात सून पोटुशी आहे, तिला काही होईल का?

उत्तर : दादा, वर निपाणीच्या ताईंना मी नको म्हटलं तीच गोळी तुमच्या अक्काला फोड उठले त्याच दिवशी मिळायला हवी होती. म्हणून तुमचं पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच व्हायरस. कांजिण्या बऱ्या होतात पण तो नसेच्या गाठीत राहतो, पन्नाशी-साठीनंतर किंवा शुगर, आजारपण, मोठी काळजी यांनी ताकद कमी झाली की एका नसेतून बाहेर पडतो. बहुतेकांना छातीवर नाहीतर कमरेवर उठते. चेहऱ्याच्या नसेच्या गाठीतून उठली की फोड कानात येतात, कधी टाळूवर आणि जिभेवर, आणि ती नस कानाच्या आतून ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेला अगदी चिकटून जाते, म्हणून तोंड वाकडं, बहिरेपण आणि चक्कर तिन्ही एकदम. अमेरिकेतल्या जेम्स रॅमसे हंट यांनी 1907 मध्ये याचं वर्णन केलं, त्यावरून याला रॅमसे हंट सिंड्रोम म्हणतात.

इथं व्हायरस खरोखर हजर असतो, त्या क्षणी वाढत असतो, आणि ॲसायक्लोव्हिर त्याची वाढच थांबवतं. झालेलं नुकसान ते भरून काढत नाही. म्हणून सगळा खेळ वेळेचा आहे, 72 तासांच्या आत सुरू झालं तर उत्तम. जपानमध्ये 1997 मध्ये 80 पेशंटांची पाहणी छापून आली, तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालेल्यांपैकी 75 टक्क्यांचा चेहरा पूर्ण सुधारला आणि सात दिवसांनंतर सुरू झालेल्यांत फक्त 30 टक्क्यांचा. डोस पण मोठा असतो, ॲसायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर 1 ग्रॅम तीन वेळा, सात ते दहा दिवस, सोबत स्टिरॉइड. किडनी बघून डॉक्टर तो कमी करतात. ओठावरच्या फोडाला कुणीतरी दिलेल्या अर्धवट गोळ्या घरात शिल्लक असतात, त्यांनी हे काम होत नाही.

टळलं असतं का, याचं खरं उत्तर असं की शक्यता खूप वाढली असती, खात्री कुणीच दिली नसती. पण स्वतःला दोष देत बसू नका, कान ठणकतोय आणि फोड अजून आलेले नाहीत त्या दोन दिवसांत तर डॉक्टरलाही ओळखायला जड जातं. अक्काचा चेहरा अजून सुधारू शकतो, नस हळूहळू भरते, वर्षभरसुद्धा फरक पडत राहतो. आरशासमोर बसून चेहऱ्याचे व्यायाम करून घ्या, ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून. आणि डोळ्याची काळजी यापेक्षा जास्त घ्या. मिटत नसलेला डोळा वाळतो आणि बुबुळाला जखम होते, ती कायमची राहते. दिवसा अश्रूंसारखे ड्रॉप, रात्री मलम घालून पापणी खाली ओढून कागदी टेपनं चिकटवायची, बाहेर जाताना गॉगल. डोळा लाल झाला किंवा टोचायला लागला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं. ऑडिओग्राम काढून घ्या, कमी ऐकू येणं तसंच राहिलं तर मशीन लावता येतं.

सुनेचं सांगते. फोडांतल्या पाण्यातून ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात, फोड सुकून खपल्या धरल्या की धोका संपतो. सुनेला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर काळजीच नाही. नसतील तरी आता बरेच दिवस उलटलेत, अंगावर काही उठलं नसेल तर जवळजवळ निभावलंच, तरी पुढच्या तपासणीला बाईंना हे आवर्जून सांगा. हे फोड असतानाच विचारलं असतं तर तेव्हाच तपासणी करून इंजेक्शन देता आलं असतं, हे बाकीच्या वाचकांनी लक्षात ठेवा.

गेरू आणि मंत्राबद्दल माझं मत तुम्हाला कळलंच असेल. छातीवरची नागीण दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुकते म्हणून जाणत्याला यश मिळाल्यासारखं दिसतं. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जगत नाही या भीतीपोटी लोक आधी तिकडं धावतात, पण ती एका बाजूच्या एका नसेतूनच येते म्हणून बहुतेक वेळा मधली रेघ ओलांडतच नाही, जुळायचा प्रश्नच कुठं येतो? गावात कुणाला श्रद्धा असेल तर मी भांडणार नाही, पण कान, डोळा, कपाळ इथं फोड उठले तर आधी दवाखाना, त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी. आणि ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी, 50 वर्षांवरच्यांना नागिणीची लस 2023 पासून भारतात मिळते, दोन डोस, महाग आहे पण शुगरवाल्यांनी विचार करावा.

प्रश्न (वडगाव, बेळगाव) : मी मागावर काम करतो, वय 43. चार दिवसांपूर्वी सकाळी उठलो तर डावा कान पूर्ण बंद, आत शिट्टी वाजल्यागत आवाज. मळ असेल म्हणून ड्रॉप घातले, काही फरक नाही. कानाच्या डॉक्टरांकडं गेलो तर ते म्हणाले नसेचा प्रॉब्लेम आहे, व्हायरल असू शकतं, आणि स्टिरॉइड लिहून दिलं. व्हायरल आहे तर व्हायरसची गोळी का नाही दिली? गायिका अलका याज्ञिक यांना पण व्हायरल अटॅकमुळंच झालं म्हणून वाचलं होतं. मला शुगर आहे, स्टिरॉइडची भीती वाटते म्हणून अजून घेतलेलं नाही.

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रावर नंबर होता म्हणून अंक निघायची वाट न बघता फोन करून सांगितलंय, स्टिरॉइडची गोळी आजच्या आज चालू करा. इथं लिहितेय ते बाकीच्यांसाठी.

तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकू येणं 30 डेसिबल किंवा त्याहून जास्त घसरलं तर ती इमर्जन्सी समजायची, हार्ट अटॅकला जशी धावपळ करतो तशीच करायची. बहुतेकांत कारण सापडत नाही. व्हायरल असेल हा अंदाज असतो, सिद्ध झालेलं निदान नसतं. अलका याज्ञिक यांनी 2024 च्या जूनमध्ये स्वतः जाहीर केलं होतं, विमानातून उतरल्यावर एकाएकी ऐकू येईना आणि डॉक्टरांनी व्हायरल अटॅकनंतरचं नसेचं बहिरेपण सांगितलं, तेव्हापासून माझ्याकडं येणारा प्रत्येक दुसरा माणूस तुमचाच प्रश्न विचारतो.

अँटिव्हायरल का नाही? तर देऊन बघितलंय म्हणून. स्टिरॉइड अधिक अँटिव्हायरल आणि नुसतं स्टिरॉइड असे गट करून अभ्यास झाले, जास्तीचा फायदा दिसला नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं 2012 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये नियम काढले त्यात अँटिव्हायरल सरसकट देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश लोकांचं ऐकू येणं काहीही न करता थोडंफार परत येतं, त्यामुळं इथंही कुठल्याही गोळीचं नाव होऊ शकतं. स्टिरॉइडचा पुरावासुद्धा दगडावरची रेघ नाही, पण हातात जे आहे त्यात तेच बरं आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत द्यायचं असतं, जितकं लवकर तितकं चांगलं. तुमचे चार दिवस मळाच्या ड्रॉपमध्ये आणि भीतीत गेलेत, आणखी घालवू नका.

शुगरची भीती बरोबर आहे, स्टिरॉइडनं ती वर जातेच. रोज दोन वेळा तपासायची, फिजिशियनना सांगून गोळ्या किंवा इन्सुलिन वाढवून घ्यायचं, दोन आठवड्यांचा प्रश्न असतो. शुगर फारच चढत असेल तर पडद्यातून कानात स्टिरॉइड सोडता येतं, 2011 मध्ये 250 पेशंटांवर बघितलंय, तोंडानं घेतलेल्या इतकाच उपयोग होतो आणि शुगरला धक्का कमी लागतो. गोळीनं काम झालं नाही तरी दोन ते सहा आठवड्यांत हे इंजेक्शन देता येतं. एमआरआय पण सांगतील, नसेवर गाठ नाही ना ते बघायला, घाबरू नका, क्वचितच निघते.

आणि मागाच्या खडखडाटानं हे झालं का असं तुम्ही फोनवर विचारलंत. नाही, आवाजानं कान जातात ते दोन्ही आणि हळूहळू, वर्षानुवर्षं. पण वडगाव, शहापूर, खासबागच्या विणकरांचे कान त्यानं जातात हेही खरंच आहे आणि आता तुमच्याकडं एकच चांगला कान आहे, तेव्हा मागावर बसताना इअरप्लग घालाच, मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात. कापसाच्या बोळ्यानं आवाज अडत नाही.

प्रश्न (कागवाड) : मी शिक्षिका आहे. सर्दी-ताप येऊन गेल्यावर आठवड्यानं एकदम जोराची चक्कर सुरू झाली ती दोन दिवस थांबलीच नाही, ऐकू मात्र नीट येत होतं. मिरजेला ॲडमिट होते, वेस्टिब्युलर न्यूरायटिस, नसेला व्हायरसची सूज, असं सांगितलं. आता दीड महिना झाला, वर्गात फळ्याकडून मुलांकडं झटकन वळलं की अजून तोल जातो. अँटिव्हायरलचा कोर्स राहून गेला का?

उत्तर : नाही हो, काही राहून गेलेलं नाही. याच आजारावर म्युनिकमध्ये 141 पेशंटांचा चांगला अभ्यास झालाय, 2004 मध्ये छापून आला. वर्षभरानं बिघडलेल्या कानाचं काम किती सुधारलं ते मोजलं. खोट्या गोळीवर साधारण 40 टक्के, व्हॅलासायक्लोव्हिरवर 36, स्टिरॉइडवर 62 आणि दोन्ही मिळून 59. म्हणजे व्हायरसच्या आजाराला व्हायरसची गोळी लागू पडली नाही, बहुधा चक्कर सुरू होईपर्यंत व्हायरसनं जे करायचं ते केलेलं असतं.

तुम्हाला आता लागणार आहेत ते व्यायाम. अंगठा डोळ्यांसमोर धरून त्यावरची नजर न हलवता मान डावी-उजवी हलवायची, आधी बसून, मग उभं राहून, मग चालताना, दिवसातून तीन-चार वेळा. थोडी चक्कर येणारच, त्यातूनच मेंदू शिकतो. आणि चक्करेच्या गोळ्या अजून चालू असतील तर डॉक्टरांना विचारून बंद करा, मेंदूला शिकू देत नाहीत त्या. सिनारिझिन तर वयस्कर माणसांत महिनोनमहिने चालू राहिली तर हातपाय थरथरायला लागतात, कंपवातासारखं. घरात आजी-आजोबांच्या डब्यात ही गोळी असेल तर एकदा बघाच.

एक मात्र सगळ्यांसाठी. एकाएकी आलेल्या न थांबणाऱ्या चक्करेबरोबर बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं, हातपाय लुळे पडणं, आधाराशिवाय उभंच राहता न येणं, किंवा डोक्यात कधी नव्हे अशी कळ, यातलं काहीही असेल तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही, थेट मोठा दवाखाना, 108 ला फोन.

प्रश्न (अथणी) : झोपेत कूस बदलली की नाहीतर वर फडताळातला डबा काढताना अर्धा मिनिट घर फिरतं, मग थांबतं. व्हायरसची गोळी घेऊ का?

उत्तर : काका, कुठलीच गोळी नको. कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून तोलाच्या नळीत शिरतात त्यानं हे होतं. कानाच्या डॉक्टरांकडं जा, टेबलावर झोपवून मान ठरावीक पद्धतीनं फिरवतात, एप्ली मनुव्हर म्हणतात, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. बऱ्याच जणांना एका खेपेत बरं वाटतं, कधी पुन्हा करावं लागतं.

प्रश्न (चिक्कोडी) : आमची मुलगी 16 दिवसांची आहे. दवाखान्यात कानाची टेस्ट केली त्यात दोन्ही कान फेल आले, वजन पण कमी आहे, अंगावर बारीक जांभळे ठिपके होते. डॉक्टर सीएमव्हीची टेस्ट करूया म्हणतात आणि सापडलं तर सहा महिने औषध. सासूबाई म्हणतात एवढ्याशा जिवाला सहा महिने कसलं औषध, मोठी झाली की ऐकेल. मी काय करू?

उत्तर : बाळा, टेस्ट आजच करून घे. सीएमव्ही हा हर्पिसच्याच घराण्यातला व्हायरस, आईला साध्या तापासारखा येऊन जातो, कळतही नाही, आणि पोटातल्या बाळाच्या कानाला इजा करतो. तुझी काही चूक नाही, हे सासूबाईंनाही वाचून दाखव. बाळाची लाळ किंवा लघवी तपासतात आणि ती पहिल्या 21 दिवसांतच तपासावी लागते, नंतर व्हायरस सापडला तरी तो पोटातून आला की जन्मल्यावर ते सांगता येत नाही. तुझ्या हातात थोडेच दिवस आहेत म्हणून तुलाही फोनवर कळवलंय.

सापडलं आणि बाळाला त्याची लक्षणं असली तर व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर हे पातळ औषध तोंडानं देतात. कान वाचवण्यासाठी अँटिव्हायरलचा खरा उपयोग दिसलाय अशा मोजक्या जागांपैकी ही एक. 2015 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सहा आठवडे आणि सहा महिने असे दोन गट केले होते, सहा महिने घेतलेल्या बाळांचं ऐकणं आणि बोलण्या-समजण्यातली वाढ दोन वर्षांच्या वयाला थोडी बरी निघाली. पहिल्या महिन्याच्या आत सुरू करायचं असतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला आणि मग महिन्याला रक्त तपासावं लागतं, ती तपासणी चुकवायची नाही, आणि बाळाच्या वाढत्या वजनाप्रमाणं डोस वाढवून घ्यायचा. औषध पाजताना हातमोजे घाल, अंगाला लागू देऊ नकोस.

मोठी झाली की ऐकेल असं म्हणून थांबू नका. सीएमव्ही नसलं तरी तीन महिन्यांच्या आत बेरा टेस्ट (बाळाच्या ऐकण्याच्या नसेची तपासणी) व्हायला हवी, सहा महिन्यांच्या आत मशीन लागायला हवं, तरच भाषा वेळेवर येते. खर्चाची अडचण असेल तर तुमच्या आशाताईंना गाठ, लहान मुलांच्या तपासणीची सरकारी योजना आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, त्यात जन्मजात बहिरेपण येतं आणि त्या जिल्हा रुग्णालयात नाव लावून देतील. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक कार्ड काढलं नसेल तर तेही आत्ताच काढून घ्या, रेशनकार्ड आणि आधार लागतं.